बदलत्या हवेत एकट्याने बसणे: नागपुरातल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी एकट्याने बाहेर जाऊन बसायचे, आधी आजूबाजूची हवा आणि नंतर स्वतःचे मन न्याहाळायचे आणि दोन्हींची नोंद एका वहीत करायची, एवढीच ही पद्धत आहे. ऐकायला ती इतकी सोपी वाटते की बहुतेक जण काहीही तयारी न करता एखाद्या रविवारी संध्याकाळी फुटाळा तलावावर जातात, गर्दीत अर्धा तास मोबाइल पाहत बसतात आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ असा निष्कर्ष काढून घरी परततात. मी हे नागपुरात गेली काही वर्षे नियमाने करते आहे, आणि सुरुवातीला कोणी सांगितले असते तर बराच गोंधळ टळला असता अशा गोष्टी येथे क्रमाने देत आहे.

नागपूर या कामाला विशेष सोयीचे आहे, याचे कारण येथील हवेचा पल्ला. मे २०१३ मध्ये येथील पारा ४८ अंशांच्या जवळ गेला होता आणि डिसेंबर २०१८च्या अखेरीस तो साडेतीन अंशांपर्यंत उतरला होता. समुद्र दोन्ही बाजूंनी दूर असल्याने हवा सौम्य करणारे येथे काही नाही. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा हे तिन्ही ऋतू पूर्ण ताकदीने येतात आणि माणसाच्या झोपेवर, भुकेवर, बोलण्यावर आपला ठसा उमटवून जातात. मे महिन्यातली आपली चिडचिड आणि जानेवारीतला आपला उत्साह यांत आपला स्वतःचा वाटा किती आणि हवेचा किती, हे त्या त्या महिन्यात कळत नाही. तिन्ही ऋतूंतल्या नोंदी शेजारी ठेवल्यावर मात्र ते बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. ही पद्धत त्यासाठीच आहे, आणि म्हणून तिला किमान एक वर्ष लागते.

१. जागा निवडा, आणि मग ती बदलू नका

जागेची निवड हा यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, त्यामुळे त्याला दोन-तीन आठवडे दिले तरी चालतील. जागा घरापासून पंधरा-वीस मिनिटांत पोहोचण्याजोगी असावी, कारण ऑगस्टमधल्या चिखलातून किंवा जानेवारीच्या पहाटे शहराच्या दुसऱ्या टोकाला जाण्याचा उत्साह फार दिवस टिकत नाही. तेथून आकाशाचा मोठा भाग दिसायला हवा, वर्षभर लक्ष ठेवता येईल असे निदान एक झाड जवळ हवे आणि पाच मिनिटांच्या अंतरावर पक्की इमारत हवी. माणसांची ये-जा असावी, पण ओळखीचे लोक गप्पांसाठी थांबतील इतकी नसावी. ही शेवटची अट पूर्ण करणे सर्वांत अवघड आहे. आपल्या वॉर्डातल्या बागेत ती सहसा पूर्ण होत नाही.

पश्चिम नागपुरात राहणाऱ्यांना अंबाझरी, सेमिनरी हिल्स आणि तेलंखेडीचा परिसर जवळ पडतो. सेमिनरी हिल्सवर सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, त्यामुळे एकट्या व्यक्तीला तेथे सुरक्षित वाटते आणि झाडीही भरपूर आहे. फुटाळा हा सूर्योदयाच्या वेळी वेगळा तलाव आणि सूर्यास्ताच्या वेळी चौपाटी असतो, तेव्हा तो निवडायचा असेल तर सकाळच निवडावी. शहराच्या मध्यभागी राहणाऱ्यांना महाराजबाग बरी. दक्षिणेकडच्या लोकांसाठी सोनेगाव आणि सक्करदरा हे तलाव आहेत. बागांच्या आणि उद्यानांच्या वेळा ठरलेल्या असतात आणि पुष्कळ ठिकाणी दुपारी फाटक बंद असते, म्हणून आधी एकदा जाऊन तेथील फलक वाचून यावा.

गोरेवाड्याबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. तेथील जंगलाचे आकर्षण मोठे आहे, परंतु त्या जंगलात बिबटे आहेत आणि ते एकट्याने पायी भटकण्याचे ठिकाण नव्हे. तेथे जायचेच असेल तर परवानगी असलेल्या मार्गाने आणि तेथील कर्मचाऱ्यांच्या सूचनेप्रमाणेच जावे. दर आठवड्याच्या बैठकीसाठी ते मनातून काढून टाकावे.

घरची गच्ची चालते का, असे मला पुष्कळदा विचारले जाते. चालते, आणि ज्यांच्या घरी लहान मुले किंवा आजारी माणूस आहे त्यांच्यासाठी तीच योग्य. तीत अडचण एवढीच की खालून हाक येते.

येथे मोठा सापळा सुंदर जागेचा आहे. रामटेकच्या गडावरून किंवा खिंडसीच्या काठावरून ढग पाहणे फारच रमणीय असते, आणि ऋतूतून एकदा तेथे जरूर जावे. परंतु पन्नासेक किलोमीटर प्रवास करून गेलेला माणूस तेथे पाहुणा असतो, त्याचे लक्ष नवलाकडे जाते आणि स्वतःकडे फारसे वळत नाही. रोजच्या पाहण्यातली, थोडी कंटाळवाणी जागा अधिक उपयोगी पडते, कारण तेथे बदलणाऱ्या गोष्टी दोनच असतात, हवा आणि तुम्ही.

२. साहित्य आणि कागदपत्रे जमवा

एक छोटी पिशवी कायम भरलेली ठेवावी, म्हणजे दर वेळी शोधाशोध होत नाही. तीत पुढील वस्तू असाव्यात.

• जाड पुठ्ठ्याची छोटी वही आणि दोन पेन्सिली. पेनाची शाई पावसात पसरते आणि एका सरीत महिन्याच्या नोंदी निळ्या डागांत बदलतात.
• वही ठेवण्यासाठी चेन असलेली प्लास्टिकची पिशवी.
• ओळखपत्राची झेरॉक्स आणि एका कागदावर रक्तगट, नेहमीची औषधे व घरच्या दोन व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक.
• पाण्याची बाटली. मार्च ते जूनमध्ये त्यासोबत ओआरएसचे पाकीट.
• सुती दुपट्टा. नागपूरकराला त्याचे उपयोग सांगायला नकोत.
• बसायला सतरंजीचा तुकडा आणि त्याखाली घालायला प्लास्टिकचा कागद.
• पावसाळ्यात रेनकोट, डास पळवणारे मलम, बंद बूट आणि छोटी टॉर्च. छत्री धरली की एक हात अडकतो आणि लिहिता येत नाही, म्हणून रेनकोटच बरा.

मोबाइल न्यावा, परंतु आवाज बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवावा. इअरफोन, पुस्तक आणि खाण्याचे पदार्थ नेऊ नयेत. खाद्यपदार्थ दिसले की कुत्री येऊन बसतात आणि उरलेला वेळ त्यांच्याशी वाटाघाटी करण्यात जातो. बैठक संपल्यावर तर्री पोहे खायला कोणाची हरकत नाही.

३. घरच्यांना आधी नीट सांगा

आपल्याकडे एकटे बसलेले माणूस दिसले की त्याला काहीतरी झाले आहे, असे गृहीत धरले जाते. घरचे लोक ‘बरं वाटत नाही का’ असे विचारतात, शेजारी पाहतात आणि बागेतला चौकीदार दुसऱ्याच आठवड्यात ‘काऊन जी मॅडम, घरी काही झालं का?’ असे मोकळेपणाने विचारून जातो. या प्रश्नांची तयारी नसेल तर माणूस ओशाळतो आणि जाणे बंद करतो. ‘मी दर शनिवारी सकाळी हवामानाच्या नोंदी घ्यायला जाते’ हे उत्तर खरे आहे, छोटे आहे आणि त्यावर पुढचा प्रश्न येत नाही. चौकीदाराशी, चहावाल्याशी आणि रोज फिरायला येणाऱ्या एखाद्या वयस्कर जोडप्याशी तोंडओळख जरूर करून घ्यावी. एकट्या बाईला अशी दोन-चार ओळखीची माणसे आसपास असण्याचा फार आधार असतो, आणि पुरुषांनाही तो नकोसा होण्याचे कारण नाही.

घरातल्या एका व्यक्तीला जागा, निघण्याची वेळ आणि परतण्याची वेळ सांगून ठेवावी व त्या वेळेनंतर अर्ध्या तासाने फोन करायला सांगावे. अंधारात, म्हणजे सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर, नवख्या व्यक्तीने एकट्याने बसू नये. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक पाठ असावेत.

४. हवामानाचा अंदाज वाचायला शिका

हवा कशीही असली तरी बसायचे, या नियमाला धोक्याच्या हवेचा अपवाद आहे, आणि धोका ओळखायचा तर अंदाज वाचता यायला हवा. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे प्रादेशिक केंद्र नागपुरातच, सोनेगावच्या विमानतळ परिसरात आहे आणि विदर्भातल्या सर्व जिल्ह्यांसाठी त्याचे इशारे दररोज प्रसिद्ध होतात. इशाऱ्यांचे चार रंग असतात. हिरव्यात काही करायचे नसते, पिवळ्यात लक्ष ठेवायचे असते, नारिंगीत सज्ज राहायचे असते आणि लालमध्ये प्रत्यक्ष कृती करायची असते. आपल्यासाठी याचा व्यवहारी अर्थ असा की हिरव्या व पिवळ्या दिवशी जावे, नारिंगी दिवशी गच्चीवर किंवा व्हरांड्यात बसावे आणि लाल दिवशी खिडकीतून पाहावे. वही खिडकीतही चालते.

विजेचा प्रश्न वेगळा आहे, कारण ती पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशीही पडते आणि विदर्भात दरवर्षी तिने माणसे दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपासच्या विजांची सूचना देते; ते मोबाइलमध्ये घ्यावे आणि एप्रिल ते ऑक्टोबर या काळात निघण्यापूर्वी पाहावे. ॲप हाताशी नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, तेव्हा तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि उठायची वेळ झाली आहे, असे समजावे. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर येऊ नये.

उठून कोठे जायचे, हेही आधी ठरलेले असावे. झाडाखाली थांबणे सर्वांत वाईट, तलावाचा काठही तितकाच वाईट, आणि बागेतली चारही बाजूंनी उघडी असलेली टिनाची शेड पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. पक्की इमारत किंवा काचा वर केलेली चारचाकी गाडी सुरक्षित. जागा निवडताना पाच मिनिटांत पक्की इमारत असावी असे मी लिहिले, ते यासाठी.

तलावाकाठी बसणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांच्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीच्या काठावरील वस्त्यांत पाणी शिरले. आदल्या रात्री झोपताना शहरात कोणाला याची कल्पना नव्हती. रात्रभर पाऊस पडला असेल तर सकाळी ओव्हरफ्लोच्या, नाल्याच्या किंवा नदीच्या जवळ जाऊ नये, पाणी पाहायला सगळे शहर लोटले असले तरी.

५. बैठकीचा क्रम: आधी हवा, मग अंग, मग मन

पहिल्या महिन्यात वीस मिनिटे पुरेत. पुढे ती चाळीसपर्यंत वाढवावीत. बसल्यावर डोळे मिटू नयेत, कारण हे ध्यान नाही. वहीत तारीख, वेळ आणि जागा लिहावी आणि त्यानंतर निम्मा वेळ फक्त हवेची नोंद करावी. वारा कोणत्या दिशेने येतो आहे, ढग किती उंच आहेत आणि कोणीकडे चालले आहेत, कातडीला ओलावा जाणवतो की कोरडेपणा, कसला वास येतो आहे आणि सर्वांत दूरचा आवाज कोणता. हा शेवटचा प्रश्न मला फार उपयोगी वाटतो. हिवाळ्यातल्या स्थिर, थंड पहाटे रेल्वेचा भोंगा कितीतरी लांबून स्पष्ट ऐकू येतो, कारण जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तुलनेने उबदार असली की आवाज वर निघून न जाता खाली वळतो; मे महिन्याच्या तापलेल्या हवेत तोच भोंगा जवळ असूनही पुसट वाटतो. अशा गोष्टी लिहू लागले की लक्ष आपोआप बाहेर स्थिरावते.

त्यानंतर अंगाची नोंद घ्यावी: रात्री किती झोप झाली, डोके जड आहे का, खांदे आखडले आहेत का, भूक आहे का. चार ओळी पुरतात.

मनाची पाळी सर्वांत शेवटी येते आणि तिलाही चारच ओळी द्याव्यात. आत्ता डोक्यात काय घोळते आहे, ते लिहावे. ते का घोळते आहे, ते लिहू नये. ही अट नवशिक्यांना विचित्र वाटते, परंतु संपूर्ण पद्धत तिच्यावर उभी आहे. आपण अस्वस्थ झालो की मन तत्क्षणी कारण शोधते, आणि सापडलेले कारण बहुधा सर्वांत जवळचे माणूस असते: नवरा, सासू, वरिष्ठ, मुलगा. एकदा कारण कागदावर उतरले की पुढच्या आठवड्यात आपण त्याचेच पुरावे गोळा करू लागतो. ‘मन चिडलेले आहे, ऑफिसातल्या कालच्या मीटिंगमधले एक वाक्य पुन्हा पुन्हा आठवते आहे’ एवढे लिहून थांबावे. कारणांचा विचार वर्षाच्या शेवटी होईल.

हा क्रम उलटा करू नये. मनापासून सुरुवात केली की हवेकडे लक्ष जातच नाही, आणि चाळीस मिनिटे जुनी भांडणे उकरण्यात जातात. ते घरी, कुलरसमोर बसूनही करता येते.

६. ऋतूप्रमाणे वेळ आणि अपेक्षा बदला

उन्हाळा. मार्चपासून बैठक सूर्योदयाला आणावी. मे महिन्यात नागपुरात साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि आठनंतर ऊन बोचू लागते. दुपारी बसण्याचे धाडस कोणीही करू नये, विशेषतः नवतप्यात, म्हणजे २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात आल्यापासूनच्या नऊ दिवसांत. कोरड्या उन्हात घाम येतो आणि लगेच वाळतो, त्यामुळे अंगातले पाणी कमी होते आहे, हे कळतच नाही. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे. चक्कर, मळमळ, डोके ठणकणे ही लक्षणे दिसताच सावलीत येऊन अंग ओले करावे. बोलण्यात असंबद्धता आली किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजून विनाविलंब रुग्णालय गाठावे.

या ऋतूतल्या नोंदी बहुधा तुटक आणि कडवट निघतात. रात्रीचा पाराही तिशीच्या आसपास राहू लागला की झोप तुटते आणि तुटलेल्या झोपेवर माणूस कोणाविषयीही वाईट मत बनवू शकतो. लिहीत राहावे, निर्णय घेऊ नयेत. नवतप्यात राजीनामा लिहू नये, असा माझा स्वतःपुरता नियम आहे आणि तो मी ऐकणाऱ्या प्रत्येकाला सांगते. याच दिवसांत बहावा फुललेला असतो आणि पावश्या ओरडत असतो, तेही वहीत यावे.

पावसाच्या आधीचे आठवडे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हवेत दमटपणा येतो, कुलर गारवा देण्याऐवजी चिकचिक वाढवतो, आणि घरोघरी वाद होतात. पाऊस नागपुरात साधारण जूनच्या मध्याला पोहोचतो, पण तो लांबला की सगळे शहर आभाळाकडे पाहत बसते. वाट पाहणे ही आपल्या स्वभावाची उत्तम परीक्षा आहे. ढग येऊन न बरसता निघून गेल्यावर तुमच्या मनात राग येतो, विनोद येतो की हताशा, हे त्या दिवशीच लिहून ठेवावे. पाऊस सुरू झाल्यावर ते आठवत नाही.

पावसाळा. पहिल्या सरीत भिजायला सगळेच तयार असतात, त्यामुळे त्या नोंदीतून फारसे काही हाती लागत नाही. खरे काम झडीत होते. जुलै-ऑगस्टमध्ये तीन-चार दिवस सलग झड लागते, सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते आणि दिवसाचे सगळे प्रहर सारखेच दिसू लागतात. अशा दिवशी रेनकोट घालून, प्लास्टिकचा कागद अंथरून अर्धा तास बसणे ही या पद्धतीतली सर्वांत कठीण आणि सर्वांत फलदायी बैठक आहे. बाहेर काहीच घडत नाही, पाहण्यासारखा सूर्योदय नाही, पक्षी गप्प आहेत, आणि पंधराव्या मिनिटाला उठून जाण्याची तीव्र इच्छा होते. त्या इच्छेपाशी थोडे थांबावे. उन्हाळ्यात जी माणसे आणि जे प्रसंग रागाच्या रूपाने आले होते, तेच झडीत दुसऱ्या रूपाने येतात, पुष्कळदा दुःखाच्या किंवा आठवणीच्या. आणि काही तर येतच नाहीत. दोन्ही गोष्टी टिपून ठेवाव्यात, कारण पुढे वही वाचताना सर्वाधिक उपयोग याच पानांचा होतो.

उघाड पडल्यावर बसायला जाताना पायाखाली पाहावे. गवत वाढलेले असते आणि नाग, घोणस, मण्यार हे विषारी साप आपल्या भागात आहेत. गवतात बसू नये, दगडाच्या फटीत हात घालू नये. दंश झालाच तर जखम कापणे, घट्ट आवळून बांधणे असले उपाय न करता, तो अवयव हलू न देता थेट मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठावे.

ऑक्टोबर. पाऊस परततो, ऊन पुन्हा चढते, डास वाढतात. संध्याकाळी पाचची वेळ बरी. या महिन्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

हिवाळा. डिसेंबरमध्ये सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे फार लवकर उठावे लागत नाही आणि बसायला हा सर्वांत सुखाचा काळ असतो. तलावांवर स्थलांतरित बदके आलेली असतात, धुके पाण्यावर रेंगाळते, शेकोट्यांचा धूर जमिनीलगत साचतो. दमा असलेल्यांनी ऊन वर आल्यावर जावे. या ऋतूतला सापळा सुखाचाच आहे. हवा इतकी चांगली असते की मनही चांगले आहे असे वाटते, नोंदी लांबलचक आणि प्रसन्न होतात, आणि आपण फार बदललो, अशी समजूत होते. ती मार्चपर्यंत कोणाला बोलून दाखवू नये.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो आणि त्याच सुमारास कधीकधी गारपीट होते. दुपारपर्यंत निरभ्र असलेले आभाळ तासाभरात भरून येते, तेव्हा या दिवसांत सकाळची बैठक सोडू नये.

७. वही वाचा, पण वर्ष पूर्ण झाल्यावर

मध्येच पाने उलटण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण मागचे वाचले की पुढचे त्याला जुळवून लिहिले जाते. वर्ष पूर्ण झाल्यावर एक सकाळ मोकळी ठेवावी आणि तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसावे. मनाविषयीच्या ओळींमध्ये जो विषय पुन्हा पुन्हा येतो, त्याखाली ऋतूचा रंग ओढावा: उन्हाळ्याला लाल, पावसाळ्याला निळा, हिवाळ्याला हिरवा. मग प्रत्येक विषयाला किती रंग मिळाले, ते पाहावे.

एकच रंग मिळालेले विषय बहुधा हवेचे असतात. माझ्या एका वर्षाच्या वहीत उन्हाळाभर नोकरी सोडण्याचा विचार होता, इतक्या ठामपणे लिहिलेला की वाचताना मलाच आश्चर्य वाटले, कारण जुलैनंतर तो एकदाही आलेला नव्हता. उलट, माहेरच्या एका नात्यातला अबोला एप्रिलमध्ये संताप म्हणून, झडीत आठवण म्हणून आणि डिसेंबरच्या अगदी आनंदी पानावर कोपऱ्यातल्या एका वाक्यात आला होता. तीन रंगांचा तो विषय माझा होता आणि त्याबद्दल काहीतरी करणे भाग होते. काय करायचे, हे वही सांगत नाही. कशासाठी बळ खर्च करायचे आणि कशासाठी पावसाची वाट पाहायची, एवढे ती दाखवते.

एकरंगी विषय खोटे असतात, असा अर्थ मात्र काढू नये. घरात उन्हाळ्यातच भांडणे होत असतील तर त्यावर उपाय उन्हाळ्याचाच असू शकतो: झोपण्याची जागा बदलणे, स्वयंपाक सकाळी आटोपणे, महत्त्वाची बोलणी पहाटेच्या गारव्यात करणे. असे साधे बदल माणसे करत नाहीत, कारण त्यांना वाटते प्रश्न स्वभावाचा आहे.

आणखी एक प्रकार वहीत अजिबात नसलेल्या विषयांचा. ज्याची आपण चारचौघांत सतत काळजी बोलून दाखवतो, ते एकट्याच्या वहीत वर्षभरात कोठेच आले नसेल, तर त्या काळजीकडे एकदा नव्याने पाहावे.

८. नेहमीचे सापळे

छायाचित्रे काढणे हा पहिला. ढगाचे छायाचित्र काढले की तो पाहून झाला, असे वाटते. दुसरा सापळा व्यायामाचा. चालणे चांगले आहेच, परंतु पावले मोजणारे मन हवा मोजत नाही, तेव्हा दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. तिसरा सोबतीचा. मैत्रीण म्हणते, ‘मीही येते, गप्प बसेन,’ आणि ती खरोखर गप्प बसते, पण तिच्या शेजारी आपण थोडे शहाण्यासारखे बसतो. चौथा, आणि सर्वांत चिवट, सापळा विशिष्ट प्रश्न घेऊन जाण्याचा. ‘आज बसून ठरवतेच’ असे म्हणून गेलेल्या दिवशी ठरत काही नाही आणि हवेची पाने कोरी राहतात.

आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यात दोनदा बसून तो भरून काढण्याची गरज नाही. वहीत ‘गैरहजर’ लिहून त्या दिवशीची हवा मात्र टिपून ठेवावी.

९. केव्हा थांबावे आणि मदत घ्यावी

एकांत प्रत्येक वेळी प्रत्येकाला मानवतो, असे नाही. सलग काही आठवडे त्याच काळ्या विचाराभोवती मन फिरत असेल, बैठकीनंतर हलके वाटण्याऐवजी दिवसभर जड वाटत असेल, झोप आणि जेवण दोन्ही कमी झाले असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर एकट्याने बसणे तत्काळ थांबवावे आणि माणसांत जावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. जवळच्या व्यक्तीच्या निधनानंतर किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यांत ही पद्धत सुरू करू नये, असे माझे मत आहे. त्या काळात सोबत लागते.

१०. सुरुवात केव्हा करावी

दिवाळीनंतरचा पहिला आठवडा सर्वांत योग्य. हवा सौम्य असते, सवय लागायला तीन महिने मिळतात आणि कठीण ऋतू येईपर्यंत जागा, चौकीदार व वही तिन्ही ओळखीचे झालेले असतात. बदली होऊन मे-जूनमध्ये नागपुरात आलेल्यांनी मात्र दिवाळीपर्यंत थांबू नये, कारण नव्या गावाचा पहिला उन्हाळा आणि पहिला पाऊस पुन्हा मिळत नाही. त्यांनी पहिले दोन महिने गच्चीवर, पहाटे, पंधरा मिनिटांपुरते बसावे आणि जागेचा शोध पावसाच्या उघाडीत घ्यावा. सुरुवात केव्हाही केली तरी पहिल्या चार बैठकींत अंगाच्या आणि मनाच्या ओळी लिहूच नयेत. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, ढग, वास आणि सर्वांत दूरचा आवाज एवढेच लिहावे, आणि पाचव्या बैठकीपासून अंगाची व मनाची नोंद सुरू करावी.